बॅटरी जुनी झाली की चार्जिंगची पद्धत पण बदलायला लागते, ती का आणि कशी

२०२५ च्या जुलैमध्ये गूगलने पिक्सेल ६ए फोनसाठी एक अपडेट सक्तीचं केलं. ज्या फोनच्या बॅटरीने ४०० चार्जिंग सायकल ओलांडल्यात अशा काही फोनमध्ये या अपडेटनंतर बॅटरीची क्षमता कमी होणार आणि चार्जिंगही हळू होणार, कारण काय तर बॅटरी जास्त गरम होण्याचा धोका. त्याच वर्षी आलेल्या पिक्सेल ९ए मध्ये तर असं आहे की २०० सायकलपासून ते १००० सायकलपर्यंत फोन स्वतःच बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने खाली आणत जातो आणि चार्जिंगचा वेगही त्याच्या मापाने ठेवतो, आणि हे बंद करायचा ऑप्शन नाही. लोक भडकले, साहजिक आहे, पैसे आपण मोजले आणि फोन आता म्हणणार मी एवढंच चार्जिंग घेईन.

ही दोन प्रकरणं सरसकट एकत्र केली जातात पण ती वेगळी आहेत. ६ए चं सेफ्टीचं आहे, ९ए चं बॅटरी जास्त वर्षं टिकवण्याचं. पण दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट आहे जी आपल्याकडे फारशी कोणी समजावून सांगत नाही, ती म्हणजे नव्या बॅटरीला जी चार्जिंगची पद्धत चालते ती जुन्या बॅटरीला मानवत नाही. माझं मत आधीच सांगतो, केमिस्ट्रीच्या बाजूने बघितलं तर व्होल्टेज खाली आणणं बरोबर आहे. बोंब आहे ती सांगण्याच्या पद्धतीत, त्यावर शेवटी येतो.

(सायकल म्हणजे किती वेळा पिन लावली ते नाही. एकूण १०० टक्के वापर झाला की एक सायकल. आज ५० टक्के वापरली, उद्या ५० टक्के, तर दोन दिवसात मिळून एक.)

## आत नक्की चालतं काय

बॅटरीच्या आत दोन थर असतात, एका बाजूला ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीत असतं तेच, आणि दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल, मँगनीज किंवा लोखंड असलेलं एखादं लिथियमचं संयुग. मध्ये बारीक छिद्रांचा प्लॅस्टिकचा पडदा आणि सगळीकडे भिनलेलं एक द्रव, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, संयुगाच्या बाजूने निघतात आणि ग्राफाइटच्या पापुद्र्यांमध्ये जाऊन बसतात. फोन वापरला की परत येतात. बस्स, एवढंच. सोनीने १९९१ मध्ये ही बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, आणि गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना त्यामागच्या कामासाठी २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं.

आता पुढचं सगळं समजायला एक एसटी डोळ्यासमोर आणा. ग्राफाइट म्हणजे फलाटाला लागलेली एसटी आणि लिथियमचे आयन म्हणजे फलाटावरचे प्रवासी. गाडी रिकामी असते तेव्हा माणसं भराभर चढतात, समोर दिसेल त्या सीटवर बसतात. अर्ध्याच्या वर गाडी भरली की वेग आपोआप कमी होतो कारण आता सीट शोधायला लागते, मागे जायला लागतं, कोणाला तरी सरकवायला लागतं. आणि शेवटच्या चार-पाच जणांना तर सगळ्यात जास्त वेळ लागतो.

चार्जर नेमका हाच हिशोब करतो. सुरुवातीला ठरलेला करंट एकसारखा देत राहायचा, बॅटरीचा व्होल्टेज हळूहळू चढतो, आणि तो वरच्या मर्यादेला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट कमी कमी करत न्यायचा. करंट सुरुवातीच्या दहाव्या किंवा विसाव्या हिश्श्यापर्यंत उतरला की बॅटरी फुल म्हणायची आणि चार्जिंग बंद. ही वरची मर्यादा जुन्या सेलमध्ये ४.२ व्होल्ट असायची, आताच्या फोनमध्ये ती ४.४ च्या आसपास किंवा त्याहून थोडी वर असते, कारण तेवढ्याच जागेत जास्त एमएएच, म्हणजे जास्त क्षमता, बसवायचेत. शेवटचे २० टक्के भरायला एवढा वेळ का लागतो याचं उत्तर हे आहे, चार्जर खराब नसतो.

## मग बॅटरी जुनी होते म्हणजे काय होतं

पहिल्यांदा चार्ज करताना, ते पण कारखान्यातच, ग्राफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट थोडं विघटित होऊन एक पातळ थर बसतो. याला एसईआय म्हणतात, मी पुढे नुसता थर म्हणेन. हा थर वाईट नाही, उलट तो नसेल तर बॅटरी चालणारच नाही, कारण तो इलेक्ट्रोलाइटला ग्राफाइटशी भिडण्यापासून अडवतो आणि आयनांना तेवढं जाऊ देतो. अडचण ही की तो वाढायचा थांबत नाही. दर सायकलला, आणि नुसतं पडून राहिलं तरीही, तो थोडा थोडा जाड होत राहतो, आणि जाड होताना लिथियम गिळतो. एकदा त्या थरात अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. म्हणजे प्रवासीच कमी झाले, आणि वर गाडीचं दारही अरुंद झालं.

किती गिळतो हे बघण्यासारखं आहे. समजा दर सायकलला ९९.९ टक्के लिथियम सहीसलामत परत येतं, ऐकायला काय मस्त वाटतं, परीक्षेत असे मार्क पडले तर पेढे वाटतील. पण ५०० सायकलचा गुणाकार केला तर उरतं ६१ टक्के. १००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता हवी असेल तर दर सायकलला ९९.९८ टक्के परत यायला लागतं. हिशोब ढोबळ आहे, खऱ्या बॅटरीत भानगडी जास्त असतात, पण इथे किती बारीक गळतीची गोष्ट चाललीय ते यावरून कळतं.

दुसरं म्हणजे अंतर्गत रोध वाढतो. रोध म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा. थर जाड झाला, छिद्रं बुजली, संयुगाच्या कणांना तडे गेले, इलेक्ट्रोलाइट कमी झालं, या सगळ्याचा एकत्र परिणाम म्हणजे रोध. "माझा फोन ३० टक्क्यावर असतो आणि कॅमेरा उघडला की धपकन बंद होतो" असं जे लोक सांगतात ते यामुळेच. कॅमेऱ्याला एकदम जास्त करंट लागतो, रोधामुळे व्होल्टेज कोसळतो, फोनला वाटतं बॅटरी संपली. प्रत्यक्षात आत चार्ज शिल्लक असतो, फक्त तो पाहिजे त्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट, सीटाच मोडतात. म्हणजे ग्राफाइट किंवा संयुगाचे काही कण तडकून बाकीच्यांपासून तुटतात आणि कायमचे बाद होतात.

हे सगळं कशाने वेगात होतं? उष्णता, वरचा व्होल्टेज आणि जास्त करंट. उष्णता सगळ्यात वाईट. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी वाढलं की या नको असलेल्या रासायनिक क्रिया दुपटीच्या जवळ जातात. व्होल्टेजचाही तसाच एक ठोकताळा आहे, ४.२ वाल्या सेलला ४.१ वरच थांबवलं तर क्षमतेतले १० टक्के आसपास सोडून द्यावे लागतात पण सायकल दुपटीच्या घरात जाऊ शकतात. सगळ्या सेलना हा तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा तीच.

## जुन्या बॅटरीवर तोच करंट मारला तर?

इथे थोडं गणित करू, दहावीचंच आहे, व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध.

समजा ५००० एमएएचची बॅटरी आहे, मर्यादा ४.२ व्होल्ट, आणि चार्जर देतोय ४ अँपिअर. नवीन असताना रोध ०.०६ ओहम. म्हणजे ४ गुणिले ०.०६, ०.२४ व्होल्ट नुसते रोधातच खर्च होतात. चार्जरला बाहेरून ४.२ दिसतं तेव्हा आत खरं ३.९६ असतं, म्हणजे बॅटरी साधारण पाऊण भरलेली असते. आता तीच बॅटरी तीन वर्षांनी, रोध दुप्पट झालाय, ०.१२. रोधात गेले ०.४८. बाहेरून ४.२ दिसतं तेव्हा आत आहेत फक्त ३.७२, म्हणजे निम्मीसुद्धा भरलेली नाही, आणि चार्जरला वाटतं मर्यादा आली. म्हणून जुन्या फोनमध्ये वेगवान टप्पा लवकर संपतो आणि रेंगाळणारा टप्पा लांबतो.

उष्णतेचं बघा. करंटचा वर्ग गुणिले रोध. नवीन बॅटरीत १६ गुणिले ०.०६, जवळपास १ वॉट. जुनीत जवळपास २ वॉट, आणि ते सगळे त्या बिस्किटाएवढ्या पाकिटात, वर मागून कव्हर लावलेलं. आता त्याच जुन्या बॅटरीला ४ ऐवजी २ अँपिअर द्या, ४ गुणिले ०.१२, म्हणजे अर्ध्या वॉटच्याही खाली. करंट निम्मा केला तर त्या क्षणाची उष्णता चौपटीने उतरली. वेळ दुप्पट लागेल हे खरं, म्हणून एकूण उष्णता चौथ्या हिश्श्यावर नाही तर निम्म्यावर येते, पण बॅटरी किती तापते ते क्षणाच्या उष्णतेवर ठरतं आणि नासधूस तापण्यावर.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगितलीच नाही. दार अरुंद, आतल्या काही सीटा मोडलेल्या, आणि कंडक्टर मागून ढकलतोय चला चला, तर काय होईल? काही माणसं दारातच पायरीवर बसतील. लिथियमचंही तेच, ग्राफाइटच्या आत शिरायला वेळ मिळाला नाही की ते बाहेर पृष्ठभागावरच धातू म्हणून साचतं. याला लिथियम प्लेटिंग म्हणतात. साचलेलं काही परत निघतं, काही तिथेच मेलेलं पडून राहतं, आणि जे पडून राहतं ते इलेक्ट्रोलाइटशी भांडून आणखी थर तयार करतं, त्याने छिद्रं आणखी बुजतात, मग पुढच्या वेळी आणखी प्लेटिंग. बॅटरी दोन-अडीच वर्षं हळूहळू उतरत असते आणि मग अचानक दोन महिन्यात बसते, तो कडेलोट बऱ्याचदा या चक्राने होतो. आणि धातूचे हे कोंब वाढत पडदा भेदून पलीकडे पोचले तर आतल्या आत शॉर्ट सर्किट.

## "पण चार्जर आपोआपच हळू होतो म्हणालात की, मग वेगळं काय करायचं?"

रास्त प्रश्न आहे. वरच्या उदाहरणात करंट आपोआप उतरलाच ना. हो, पण चार्जरला दिसतो तो दोन्ही बाजूंचा मिळून एकच व्होल्टेज. ग्राफाइटच्या दाराशी नेमकी किती दाटी झालीय ते त्याला वेगळं दिसत नाही. रोध दुसऱ्या बाजूला वाढलाय की ग्राफाइटच्या बाजूला, बाहेरून एकच आकडा. त्यामुळे मर्यादेच्या आत राहूनही प्लेटिंग होऊ शकतं. दुसरं असं की रेंगाळणारा टप्पा लांबला म्हणजे बॅटरी वरच्या व्होल्टेजवर जास्त वेळ तिष्ठत राहिली, आणि आपण आत्ताच बघितलं की वरचा व्होल्टेज हाच एक त्रास आहे.

म्हणून जुन्या बॅटरीसाठी करायच्या गोष्टी दोन, सुरुवातीचाच करंट कमी ठेवायचा आणि वरची मर्यादा खाली आणायची. पिक्सेल ९ए हेच करतो. तापमानाप्रमाणे बदल करणं तर जुनंच आहे, जपानी उद्योगसंस्थांनी २००७ मध्येच मार्गदर्शक तत्त्वं काढली होती की फार थंडीत आणि फार गरमीत करंट आणि व्होल्टेज दोन्ही उतरवा. आता त्यात वयाची भर पडली इतकंच.

संशोधन यापुढे गेलंय. २०२० मध्ये स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १० मिनिटात चार्ज करण्याच्या २२४ वेगवेगळ्या पद्धती घेतल्या आणि त्यातली बॅटरीला सगळ्यात कमी झिजवणारी कोणती ते मशीन लर्निंगने १६ दिवसात शोधलं, नेहमीच्या मार्गाने ५०० च्या वर दिवस लागले असते. गंमत म्हणजे सुरुवातीलाच सगळ्यात जास्त करंट द्यायचा हा जो आपला सरळ अंदाज, तो चुकीचा निघाला, जास्त करंट मधल्या टप्प्यात दिलेला बरा पडला. २०२४ मध्ये बर्लिनच्या आणि डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी एकसारखा करंट देण्याऐवजी सेकंदाला दोन हजार वेळा चालू-बंद होणारा करंट दिला, तर ग्राफाइटवरचा थर पातळ राहिला आणि तडे कमी गेले. तुमच्या घरच्या चार्जरमध्ये हे अजून नाही, उगाच कोणी "पल्स चार्जर" म्हणून विकायला आलं तर घेऊ नका.

## "८० टक्क्यावरच थांबवायचं तर १०० टक्क्याचे पैसे कशाला दिले?"

बॅटरी जपायला चार्जिंग ८० टक्क्यालाच थांबवा असा सल्ला देतात, त्यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा हा. आणि याच्यात दम आहे, मी उडवून लावणार नाही.

पण हिशोब असा करा. रोज १०० पर्यंत भरलात आणि दोन वर्षांनी क्षमता ८० वर आली, तर तेव्हा तुम्हाला ८० च मिळतात, आणि पुढे घसरण चालूच. आज ८० ला थांबवलं तर मिळणार ८० च, पण खरी क्षमता बरीच शाबूत राहते आणि ज्या दिवशी बाहेरगावी जायचंय त्या दिवशी मर्यादा काढून १०० भरता येतं. ज्याचा फोन संध्याकाळपर्यंत आरामात टिकतो त्याला हे परवडतं. ज्याचा फोन दुपारी चारलाच माना टाकतो, डिलिव्हरीवाला असेल, रिक्षावाला असेल, सारखं नेव्हिगेशन चालू, त्याने खुशाल १०० भरावा. बॅटरी वापरण्यासाठी आहे, जपून कपाटात ठेवायला नाही, आणि बॅटरी बदलायचा खर्च नव्या फोनपेक्षा कितीतरी कमी असतो. दर १० मिनिटांनी टक्के बघून पिन काढणारी माणसं मला बॅटरीपेक्षा जास्त थकलेली वाटतात.

सेटिंग बहुतेक फोनमध्ये असतंच. आयफोन १५ पासून पुढे ८० टक्क्यांची मर्यादा आहे, आयओएस १८ नंतर ८०, ८५, ९०, ९५ असं निवडता येतं. सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन म्हणून आहे. मला वाटतं ९० हा बऱ्याच लोकांसाठी बरा मध्य आहे, कारण खरा त्रास शेवटच्या त्या तुकड्यातच असतो.

आणि कधीमधी १०० पर्यंत भरणं गरजेचंच आहे, कारण फोन टक्के मोजतो ते आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची बेरीज-वजाबाकी करून, आणि ती चूक साठत जाते. महिन्या-दोन महिन्यातून एकदा फुल केला की हिशोब जुळतो.

## रात्रभर लावून ठेवणं, पूर्ण उतरवून मगच चार्ज करणं वगैरे

पूर्ण उतरवायची सवय निकेल-कॅडमियमच्या जमान्यातली, त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जची "सवय लागायची". लिथियमला असलं काही नाही, उलट ३० ते ८० मध्ये खेळवली तर तिला बरंच. शून्यापर्यंत रोज नेणं वाईट.

रात्रभर लावल्याने ओव्हरचार्ज होत नाही, फुल झाली की चार्जिंग बंद पडतं. तोटा एवढाच की रात्री साडेबाराला फुल झालेली बॅटरी सकाळी सातपर्यंत वरच्या व्होल्टेजवर बसून राहते, आणि फोन उशीखाली असेल तर गरमही. म्हणून आताचे फोन ८० ला थांबून तुमच्या उठायच्या वेळेच्या आधी उरलेलं भरतात, ते चालू ठेवा.

फास्ट चार्जरबद्दल विचाराल तर फोनसोबत आलेला किंवा कंपनीने मान्य केलेला असेल तर त्याच्याशी फोन बोलून करंट ठरवतो, म्हणजे किती घ्यायचा ते फोनच्या हातात असतं. नवीन बॅटरीला खुशाल लावा. फोन दोन-अडीच वर्षं जुना झाला की घरी रात्री साधा १०-१५ वॉटचा चार्जर वापरा, घाई असेल तेव्हाच फास्ट. वरचं गणित आठवा, करंट निम्मा तर उष्णता चौथा हिस्सा. ह्यासाठी वेगळा काही खर्चही नाही, घरात जुना चार्जर ड्रॉवरमध्ये पडलेला असतोच.

## स्कूटर आणि गाडीचं काय

केमिस्ट्री तीच पण इथे शेकडो सेल एकत्र बांधलेले असतात, आणि पॅक तेवढाच चांगला जेवढा त्यातला सगळ्यात मरतुकडा सेल. नवीन असताना सगळे सेल जवळपास सारखे, दोन-तीन वर्षात त्यांच्यात फरक पडत जातो. त्यांना परत एका पातळीवर आणायचं काम बीएमएस करतो, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणारं सर्किट, आणि बऱ्याच पॅकमध्ये तो ते काम चार्ज पूर्ण होत आला की शेवटी करतो. म्हणून स्कूटर कायम ८० लाच काढत असाल तर ते पण बरोबर नाही, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तेवढ्या दिवसांनी एकदा हळू चार्जिंगवर पूर्ण भरून तशीच थोडा वेळ लावून ठेवा. पॅक जसा जुना होतो तशी याची गरज वाढते, कमी नाही होत.

तुमची बॅटरी कुठल्या जातीची आहे तेही बघा. निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली, म्हणजे एनएमसी, असेल तर वर सांगितलेलं सगळं लागू. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांमध्ये लोह-फॉस्फेटवाली, म्हणजे एलएफपी, असते. तिचा सेल ३.६५ व्होल्टलाच फुल होतो आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात व्होल्टेज जवळपास सपाट असतो, त्यामुळे किती टक्के उरले ते गाडीला नीट कळत नाही आणि अधूनमधून १०० भरायलाच लागते. टेस्ला आपल्या एलएफपी गाड्यांना आठवड्यातून एकदा तरी १०० भरा म्हणते. यावरून लोकांनी "एलएफपीला १०० ने काही होत नाही" असा अर्थ काढला, पण कॅनडातल्या डालहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं की कायम वरच्या टोकाला फिरवली तर एलएफपीसुद्धा जास्त झिजते. म्हणजे आठवड्यातून एकदा फुल, बाकी दिवस जेवढी लागेल तेवढी.

आणि ऊन. विदर्भात मे महिन्यात अकोला, चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. दुपारी दोनला बाहेरून आलात, स्कूटर उन्हात उभी होती, वर २० किलोमीटर चालवलेली, पॅक आतून हवेपेक्षाही गरम आहे, आणि आल्या आल्या तुम्ही चार्जिंगला लावली. लिथियम-आयन सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंशांच्या आसपास धरतात. चांगला बीएमएस अशा वेळी करंट उतरवतो किंवा चार्जिंग सुरूच करत नाही, आणि लोक शोरूमला फोन करतात की गाडी चार्जिंग घेत नाही! घेत नाहीये ते बरंय. सावलीत तासभर राहू द्या. जमलं तर उन्हाळ्यात चार्जिंग पहाटेकडे न्या, हवा पण गार असते आणि फुल झाल्या झाल्या तुम्ही गाडी बाहेर काढता, वरच्या व्होल्टेजवर ती ताटकळत राहत नाही. पॅक जुना असेल तर याला पर्याय नाही असंच समजा, कारण जुना रोध स्वतःची उष्णता वर घालतोच.

टोरांटो किंवा म्युनिकला बसून वाचत असाल तर तुमचं उलट. शून्याच्या खाली चार्जिंग नको, थंडीत आयन ग्राफाइटमध्ये शिरायला मंदावतात आणि प्लेटिंग होतं. ई-बाइकची बॅटरी काढून घरात आणा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा.

## कपाटातला जुना फोन

वर्षभर बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला तर सुरुवातीची काही मिनिटं काहीच दिसत नाही, लोकांना वाटतं मेला. होतं असं की सेलचा व्होल्टेज फार खाली गेलेला असेल तर चार्जर आधी अगदी थोडा करंट देऊन चाचपतो, व्होल्टेज चढतोय का बघतो, आणि मगच नेहमीचं चार्जिंग सुरू करतो. दीड-दोन व्होल्टच्याही खाली बराच काळ राहिला असेल तर आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळून भलतीकडेच जाऊन बसू शकतं, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं. रिपेअरवाला बाहेरून सप्लाय लावून "जागी करून देतो" म्हणाला तरी नको म्हणा. फोन, पॉवर बँक, कॅमेऱ्याची बॅटरी काहीही ठेवून द्यायचं असेल तर ५० टक्क्याच्या आसपास ठेवून बंद करा, आणि तीन-चार महिन्यांनी बघा.

बॅटरी फुगली असेल, म्हणजे मागचं झाकण उचललंय, टेबलावर ठेवला की फोन गरगर फिरतोय, स्क्रीनच्या कडेला फट दिसतेय, तर चार्जिंगची कुठलीच पद्धत तिला लागू नाही. तो आत इलेक्ट्रोलाइट कुजून झालेला गॅस आहे. दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ओल्या-सुक्यात कुठेच ती बसत नाही.

## "हे सगळं नवीन फोन घ्यायला लावायचं नाटक कशावरून नाही?"

शंका घ्यायला जागा कंपन्यांनीच करून दिलीय. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ॲपलला कबूल करावं लागलं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा प्रोसेसर ते अपडेटमधून हळू करत होते. कारण खरंच होतं, तो वर सांगितलेला व्होल्टेज कोसळण्याचा प्रकार, फोन अचानक बंद पडू नये म्हणून. पण गिऱ्हाइकाला सांगितलं नाही, त्यामुळे लोकांनी बॅटरी बदलायच्या जागी अख्खा फोन बदलला. कंपनीने माफी मागितली, ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला केली, आणि २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. इंजिनिअरिंग बरोबर आणि वागणूक चूक, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

त्या मानाने पिक्सेल ९ए मध्ये निदान आकडे जाहीर आहेत. तरी मला खटकतं ते बंद करायचा ऑप्शन नसणं. सेफ्टीचा प्रश्न असेल तर सक्ती समजू शकतो, ६ए मध्ये ती समजतेच. पण नुसतं आयुष्य वाढवायचं असेल तर मालकाला विचारा ना, ज्याला वर्षभरात फोन विकायचाय त्याला १००० सायकलशी काय देणंघेणं?

युरोपियन युनियनने एक काम चांगलं केलं. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतर निदान ८० टक्के क्षमता धरणारी असायला लागते आणि सायकलचा आकडा लेबलवर छापायला लागतो. हे लेबल ईप्रेल नावाच्या त्यांच्या सरकारी साइटवर कोणालाही फुकट बघता येतं, आपल्याकडे विकले जाणारे बरेच मॉडेल तिथेही विकले जातात, तर फोन घेताना एमएएच आणि वॉट बघता तसा तो आकडाही बघून घ्या. फक्त मॉडेल नंबर नीट जुळवा, एकाच नावाच्या फोनमध्ये देशागणिक बॅटरी वेगळी असते कधीकधी.